चिठ्ठी आणि पोच : लखनौतील संदर्भ सेवेचा इतिहास

फॅमिली डॉक्टर रुग्णाला मोठ्या रुग्णालयात पाठवतो तेव्हा हातात एक चिठ्ठी देतो. शासकीय मराठीत या व्यवस्थेला ‘संदर्भ सेवा’ म्हणतात. चिठ्ठी वर जाते, पण तिचे उत्तर पाठवणाऱ्या डॉक्टरपर्यंत क्वचितच पोहोचते. नेटवर्किंग शिकवताना आपण म्हणतो की पोच आल्याशिवाय टीसीपी संदेश पोहोचला असे मानत नाही. वैद्यकात ती पोच कधी मिळू लागली, हे येथे पाहू.

पायऱ्यांची कल्पना १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात आहे. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर यांचा जन्म नाशिकचा. दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचे प्राथमिक रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे दुय्यम आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २५०० खाटांचे, असा दूरचा आराखडा होता. तो पूर्णपणे उतरलाच नाही. मधली पायरी कच्ची राहिली आणि रुग्ण थेट मोठ्या शहराची गाडी पकडू लागले.

लखनौत १९११ पासून किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज होते. १९८३ मध्ये विशेषोपचारांसाठी संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. तिच्याकडे ओडिशातूनही रुग्ण येत. कटकहून लखनौ रेल्वेने हजार किलोमीटरहून अधिक. थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढलेल्या रुग्णाला थायरॉक्सिन जन्मभर घ्यावे लागते. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम उतरले तर ओठांभोवती मुंग्या येतात, हातपाय आखडतात. गावच्या डॉक्टरला नेमके काय काढले, मात्रा किती ठरली हे कोणी कळवले नसेल, तर त्याने करायचे काय? आणि रुग्णाने दर तपासणीला लखनौ गाठायचे कसे?

१९९९ मध्ये या संस्थेने टेलिमेडिसिन सुरू केले. अंतःस्रावी ग्रंथींचे शल्यविशारद डॉ. एस. के. मिश्रा यांचा त्यात पुढाकार होता. पुढे इस्रोच्या उपग्रह जोडणीने कटकचे वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण कटकमध्येच बसून लखनौच्या तज्ज्ञाला दिसू लागला. माझ्या मते खरी नवलाई चित्राची नव्हती. तिथला डॉक्टर शेजारी बसून तज्ज्ञाचे बोलणे ऐकत होता, शंका विचारत होता. उत्तर टाळायला जागाच उरली नव्हती.

अर्थात कटकचे डॉक्टर महाविद्यालयातलेच होते, गल्लीतले फॅमिली डॉक्टर नव्हेत. २०१९ च्या नोव्हेंबरपासून सी-डॅक मोहालीने घडवलेल्या ई-संजीवनीने सरकारी आरोग्य केंद्रे डॉक्टरांशी जोडली. खासगी दवाखाना बहुतांशी बाहेरच राहिला. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत मात्र एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेण्याचीही तरतूद आहे. तिथे सल्ला कोणाचाही असो, उपचारांची जबाबदारी विचारणाऱ्या डॉक्टरकडेच राहते. कागदी चिठ्ठीबरोबर ती रुग्णासोबत वर निघून जात असे.