फोर-व्हील ड्राइव्ह : वापर केव्हा करावा
इंजिनाची ताकद चारही चाकांना देणारी व्यवस्था. महिंद्रा थार, मारुती सुझुकी जिम्नी यांसारख्या गाड्यांत ही व्यवस्था चालक हवी तेव्हाच जोडतो. त्यासाठी २एच (फक्त दोन चाकांना ताकद), ४एच (चारही चाकांना, नेहमीच्या वेगासाठी) आणि ४एल (चारही चाकांना, कमी वेगासाठी) असे टप्पे असतात.

कोरड्या डांबरी रस्त्यावर २एचच योग्य. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळातून फिरतात, म्हणजे जास्त अंतर कापतात. ४एचमध्ये मात्र ट्रान्स्फर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी गिअरपेटी) पुढचा व मागचा असे दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरवते. हा फरक निसटायला चिखलात किंवा वाळूत वाव मिळतो, डांबरावर मिळत नाही. मग ताण साचतो, गाडी अडखळत वळते, गिअर व सांधे झिजतात आणि टप्पा सोडवणेही अवघड होते. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या डांबरावर अनेकांना ४एचचा आधार वाटतो. पण ब्रेक लावल्यावर गाडी थांबवतात ते टायर, आणि तिथे चार चाकांच्या ताकदीचा काही उपयोग नाही.

४एच लाल मातीच्या निसरड्या वाटेसाठी, बर्फासाठी, खडीसाठी. कोकणातल्या पुळणीवर गाडी रुतण्याआधीच तो लावावा आणि टायरमधली हवाही कमी करावी.

४एल म्हणजे ताकद जास्त, वेग अगदी कमी. खडकाळ चढ, खोल चिखल किंवा तीव्र उतार असेल तरच, आणि गाडी पूर्ण थांबवूनच तो टाकावा. उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी रोखून धरते.

प्रत्येक थारमध्ये मात्र ही व्यवस्था नसते; जानेवारी २०२३मध्ये तिची केवळ मागच्या चाकांवर चालणारी आवृत्तीही बाजारात आली.