ओल्डुवायची दाढ

वरच्या जबड्यातली दुसरी दाढ. गालाकडून टाळूकडे मोजली तर जवळपास २१ मिलिमीटर भरते. तुमची-माझी तीच दाढ ११च्या आसपास असते. आणि हा प्राणी अंगाने आपल्याहून थोराड नव्हता. सोलापुरात इतकी वर्षं लोकांच्या तोंडात डोकावतोय, पण या कवटीचा साचा हातात घेतला की अजूनही आधी टाळूकडची बाजूच वर करून बघतो.

मूळ कवटी मेरी लीकी यांना १७ जुलै १९५९ रोजी सापडली. टांगानिका, म्हणजे आजचा टांझानिया, तिथल्या ओल्डुवाय घळीत. त्यांचे पती लुई लीकी त्या दिवशी आजारी होते, मेरी कुत्री घेऊन एकट्याच उतारावर गेल्या आणि मातीतून डोकावणारं हाड त्यांना दिसलं. माणसाच्याच कुळातल्या या प्राण्याला लुई यांनी नाव ठेवलं झिंजअँथ्रोपस बोइसी. चार्ल्स बॉइस यांनी उत्खननाला पैसा दिला होता, त्यांच्यावरून ‘बोइसी’. आता बहुतेक अभ्यासक पॅरँथ्रोपस बोइसी म्हणतात. वय सुमारे साडेसतरा लाख वर्षं. मरताना तो पोरसवदाच होता: पहिल्या दाढा झिजल्या आहेत, अक्कलदाढा मात्र जवळजवळ कोऱ्या.

आता तळवा कानशिलावर ठेवून दात घट्ट आवळा. हाताखाली फुगतो तो चावण्याचा स्नायू. आपल्यात तो कानशिलापाशी पसरतो आणि तिथेच थांबतो. बोइसीत दोन्ही बाजूंचे स्नायू टाळक्यापर्यंत चढून मधोमध भिडले होते, आणि त्यांना धरायला जागा हवी म्हणून कवटीच्या माथ्यावर हाडाचा उभा कंगोरा उठला होता. गालाची हाडं बाहेर आणि पुढे इतकी आली आहेत की चेहरा मध्ये बशीसारखा खोलगट दिसतो. पुढचे दात आणि सुळे मात्र चिमुकले, दाटीवाटीने बसलेले. मेंदू पाचशे घनसेंटिमीटरच्या थोडा वर. सगळा खर्च दाढांवर आणि त्या चालवणाऱ्या स्नायूंवर झालेला.

असा जबडा पाहिल्यावर कुणीही म्हणेल की हा कठीण कवचाची फळं, बिया फोडून खात असणार. तसंच म्हटलं गेलं, आणि ‘नटक्रॅकर मॅन’ हे टोपणनाव जगभर चिकटलं. त्याआधी १९५४ साली जॉन रॉबिन्सन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या जीवाश्मांवरून मांडलं होतं की मोठ्या दाढांचे पॅरँथ्रोपस शाकाहारी आणि त्यांचे सडपातळ भाऊबंद मिश्राहारी. दातांवरून आहार सांगण्याची शिस्त त्यांनी घालून दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. पण आकारावरून एवढंच कळतं की हा जबडा काय पेलू शकला असता. रोज त्यात काय पडत होतं, ते दाढेच्या पृष्ठभागावर शोधावं लागतं.

हे मला माझ्या पेशंटांनी शिकवलं. आमच्याकडच्या जुन्या आज्यांच्या दाढांचा माथा पाटीसारखा सपाट असतो, मधूनमधून एनॅमलखालचं पिवळं डेंटिन उघडं पडलेलं. जात्याला टाकी लावली की चार दिवस पिठात कच येते, आणि भाकरी कितीही मऊ असली तरी ती कच दाढेवर घासत राहते. मऊ अन्नाचीही अशी खूण उरते.

सूक्ष्मदर्शकाखाली हेच जास्त बारकाईने दिसतं. कठीण बी फोडली की एनॅमलवर खड्डे पडतात, चिवट पाला रगडला की ओरखडे उठतात. २००८ साली पीटर उंगार, फ्रेडरिक ग्राइन आणि मार्क टीफर्ड यांनी बोइसीच्या दाढा अशा तपासल्या, तर खड्डे जवळपास नव्हतेच. होते ते बारीक ओरखडे.

मग एनॅमलमधला कार्बन मोजला गेला. बहुतेक झाडं-झुडपं, फळं, गहू, तांदूळ यांच्यात जड कार्बनचं प्रमाण कमी असतं. उष्ण कुरणांतलं गवत, ज्वारी, बाजरी, मका, ऊस यांच्यात ते जास्त. खाल्लेल्या अन्नाचं हे प्रमाण दाढ घडत असताना एनॅमलमध्ये उतरतं आणि तिथेच राहतं. भाकरीवर वाढलेल्या माणसाच्या दाढेतही ते उतरलेलं असणार. २०११ साली थ्युअर सर्लिंग आणि सहकाऱ्यांनी केनियातल्या २२ बोइसींचे दात तपासले: सरासरी ७७ टक्के आहार दुसऱ्या गटातला, म्हणजे गवत आणि लव्हाळ्याच्या जातीचा. दक्षिण आफ्रिकेतला त्यांचा चुलतभाऊ रोबस्टस, कवटी बरीचशी तशीच, पण त्याच्या दाढांवर खड्डे जास्त आणि गवताचा वाटा पुष्कळ कमी. जबडा सारखा, ताट वेगळं.

तरी माझं समाधान होत नाही. गवत खाणाऱ्या गाई-घोड्यांच्या दाढा उंच आणि धारदार कडांच्या असतात. बोइसीच्या दाढा बसक्या आणि बोथट, पाती कापायला निरुपयोगी. मला तरी लव्हाळ्याचे कंद हे उत्तर जास्त पटतं. आपल्या शेतात नागरमोथा उपटताना जे गाठीगाठीचे कंद हाताला लागतात, त्या कुळातले. मातीसकट दिवसभर रगडायचे तर मोठा सपाट माथा आणि जाड एनॅमल हवंच.

याचा निकाल कदाचित दातांवरच्या कीटणात मिळेल. दक्षिण आफ्रिकेत मलापा इथे २००८ साली सापडलेल्या, माणसाच्याच कुळातल्या ऑस्ट्रॅलोपिथेकस सेडिबाच्या दातांवर ते शिल्लक होतं. सुमारे वीस लाख वर्षांपूर्वीच्या त्या कीटणात वनस्पतींचे सिलिकाचे सूक्ष्म कण अडकले होते, आणि त्यांत झाडाच्या सालीचेही होते. भोवती गवत असून तो झाडांकडेच वळला होता, हे त्याच्या एनॅमलमधला कार्बनही सांगतो. साल खात असेल, असं त्या नाजूकशा चेहऱ्यावरून कुणाच्या मनातही आलं नसतं. दवाखान्यात मी रोज कीटण खरवडून बेसिनमध्ये सोडतो. जीवाश्म साफ करणाऱ्यांनी मात्र दातांच्या मुळाशी पिवळट थर दिसला, तर हत्यार खाली ठेवावं.