कमळाचं पान निर्लेप कसं राहतं?

आज टेबलावर अळवाचं एक पान ठेवलं आहे. त्यावर पाणी टाकलं, थेंब घरंगळून गेले. आता त्याच पानाचा एक कोपरा आम्ही अंगठ्याने जोरात चोळतो आणि पुन्हा पाणी टाकतो. बघा, इथे पाणी पसरलं, चिकटलं. आम्ही पुसून टाकला तो मेणाचा अतिशय पातळ थर.

गीतेच्या पाचव्या अध्यायात पाण्याने न भिजणाऱ्या कमळपत्राचा दृष्टान्त आहे. वर्गात आम्ही तो वर्षानुवर्षं सांगितला. एकदा वडील नुकतेच गेलेल्या एका विद्यार्थिनीलाही सांगितला: कमळाच्या पानासारखं राहावं. ती काही बोलली नाही. पान मुळातच निर्लेप असतं, असं आम्ही तेव्हा गृहीत धरलं होतं. या मेणाचा इतिहास वाचला तेव्हा आमची चूक कळली.

१८७१ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी पानांवरच्या मेणाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. बटाट्यावरच्या करपा रोगाच्या बुरशीवर काम करणारे ते हेच. मेण कुठे दाण्यांसारखं, कुठे कांड्यांसारखं, कुठे सलग थरासारखं असतं, हे त्यांनी दाखवलं. पण एक प्रश्न उरला. पानावर क्युटिकल नावाची घट्ट त्वचा असते. मेण आतल्या पेशींत तयार होत असेल, तर ते या त्वचेतून बाहेर येतं कसं?

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि या त्वचेत छिद्रं शोधली गेली. काहींना ती दिसली असं वाटलं. पण बहुतेक वनस्पतींत मेणासाठी अशी वाट सापडली नाही. १९७५ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी वेगळाच मार्ग धरला. पानावरचं मेण त्यांनी द्रावकात विरघळवलं आणि ते पुन्हा सुकू दिलं. पुष्कळदा तसेच स्फटिक पुन्हा तयार झाले. म्हणजे नळी किंवा पापुद्रा हा आकार पान घडवत नाही. तो त्या रेणूंच्या स्वभावातच असतो.

जर्मनीत विल्हेल्म बार्थलॉट सूक्ष्मदर्शकाखाली हजारो पानं पाहत होते. गुळगुळीत पानं आधी धुवावी लागत. मेणाची खडबडीत पानं मात्र स्वच्छच असत. १९९७ साली त्यांनी आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी कमळपत्राच्या स्वच्छतेवरचा गाजलेला लेख लिहिला. धूळ मेणाच्या टोकांवर नुसती टेकलेली असते, म्हणून घरंगळणारा थेंब तिला सोबत घेऊन जातो.

२००१ साली याच गटाने पानांवरचं मेण काढून टाकलं आणि वाट पाहिली. काही वनस्पतींनी पानाच्या कोणत्याही वयात ते पुन्हा आणलं, काहींनी पान वाढत असतानाच आणलं, तर काहींनी मुळीच आणलं नाही. मेण बाहेर कसं येतं, याबद्दल त्यांनी एक कल्पना मांडली. त्वचेतून थोडं पाणी सतत वाफ होऊन जात असतं, त्याच्याबरोबर मेणाचे रेणू वर येतात. पाणी उडून जातं, मेण मागे राहतं. २००४ साली, पेशीच्या पटलातून मेण बाहेर ढकलणारं एक प्रथिनही मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात सापडलं. पटलापासून पृष्ठभागापर्यंतच्या वाटेवर अजून वाद चालू आहे.

पण ती कल्पना खरी असेल, तर तिचा अर्थ पाहा. पाणी अडवणारा थर, निसटणाऱ्या पाण्याच्याच आधाराने उभा राहतो! पानाचं कोरडेपण ही त्याला फुकट मिळालेली स्थिती नाही. आत पेशी मेण बनवत राहतात म्हणून ते टिकतं.

दृष्टान्त आम्हाला आजही प्रिय आहे. फक्त त्या विद्यार्थिनीला आज आम्ही 'कमळाच्या पानासारखं राहावं' एवढंच सांगून थांबणार नाही. चोळल्या गेलेल्या पानाला वेळ लागतो, आणि सगळ्याच पानांचं मेण परत येत नाही, हेही सांगू. त्याआधी तिचं ऐकून घेऊ. ते त्या दिवशी राहून गेलं.