आधी पाणी बघायचं, मग वाफे

माथेरानच्या डोंगरावर पावसाळ्यात समोरचं माणूस दिसत नाही इतका पाऊस कोसळतो, आणि एप्रिल लागला की त्याच डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांत बायका हंडे घेऊन निघतात. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे चढून आले, पुढे बंगले झाले, पाण्यासाठी शार्लोट तलाव झाला. पुस्तकात हे सापडतं. हंड्यांचं कोणी लिहिलं नाही.

डोक्यावरून आणलेलं पाणी परसातल्या मिरचीला कधी आणि किती घालायचं? या प्रश्नाचं जुनं उत्तर धुळ्याकडे आहे. तिथे पांझरा नदीवर तीनेकशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीला दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे बहुधा चार भाग. एकेका भागाला फड म्हणायचं. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे साऱ्या फडाला पाणी एकाच वेळी लागतं, इकडे तिकडे वाया जात नाही. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. मनात आलं म्हणून कोणी पाट फोडायचा नाही!

हंगामाच्या तोंडाला गावकरी आधी पाणी बघत. कमी असलं तर एखादा फड कोरडा ठेवत. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे, त्यामुळे सगळा तोटा एकाच घरावर पडत नसे. मला यातली ही गोष्ट फार शहाणपणाची वाटते. आपण मात्र बी आधी पेरतो आणि पिंपात डोकावतो नंतर.

आपल्याकडेही अशी समज होतीच. भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल घेतात, त्याला वेगळं पाणी कोण घालतं? परसात तसंच करता येईल. अळू आणि केळ मोरीच्या पाण्यावर. वांगी, मिरची एका वाफ्यात शेजारी शेजारी, पालेभाजी वेगळ्या वाफ्यात, कारण तिला पाणी लवकर लवकर लागतं. रोजचा तांब्या ओतण्याआधी बोटभर माती उकरून बघा. आत ओल लागली तर त्या वाफ्याची पाळी उद्यावर. पाणी घालायचं ते ऊन उतरल्यावर, बुंध्याशी, आणि वर पालापाचोळा पसरून. मे महिन्यात पिंप अर्ध्यावर आलं, तर कोणता वाफा सोडायचा हे गटाच्या मार्चच्या बैठकीतच बोलून घ्या.