एकादशीचे ताट आणि शब्दांची साक्ष

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढीच्या सुमारास एम.ए.च्या वर्गात ज्ञानेश्वरीचा सतरावा अध्याय चालू होता. सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचे विवेचन संपत आले असताना मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, ज्ञानेश्वर एकादशीला काय खात असतील?" वर्ग हसला. मीही हसलो आणि "साबुदाण्याची खिचडी नक्कीच नाही" एवढे सांगून पुढच्या ओवीकडे वळलो.

प्रश्न मात्र माझा पिच्छा सोडीना. त्याला एक खाजगी कारणही होते. त्याआधी महाविद्यालयाच्या वार्षिकात मी एक लेख लिहिला होता. सीताफळ, रामफळ ही नावेच या फळांच्या दख्खनमधील प्राचीनत्वाची साक्ष देतात, असे विधान त्यात मोठ्या आत्मविश्वासाने केले होते. विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे नीट उत्तर शोधू लागलो तेव्हा आपले ते विधान किती कच्चे होते हे ध्यानात आले. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाचे उशिराने दिलेले उत्तर आहे, आणि थोडेसे प्रायश्चित्तही.

आधी खिचडीकडे पाहू. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची, जिरे, तूप, मीठ. यांतील पहिले चारही पदार्थ अमेरिका खंडातून आलेल्या वनस्पतींचे आहेत. बटाटा अँडीज पर्वताच्या परिसरातला, भुईमूग दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिको आणि तिच्या दक्षिणेकडील प्रदेशांतली. साबुदाण्याची कथा थोडी निराळी आहे. हा शब्द मलय भाषेतील 'सागू'वरून आला, आणि मूळचा सागू एका ताडवर्गीय झाडाच्या गाभ्यापासून होई. आज आपण खातो तो साबुदाणा कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावाही दक्षिण अमेरिकेतलाच. त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ (कारकीर्द १८८० ते १८८५) यांनी कसाव्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी मालाची आवक खुंटली, तेव्हा तमिळनाडूतील सेलम परिसरात या कंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढीस लागला. म्हणजे आजीच्या हातची जी खिचडी आपण परंपरेचे प्रतीक मानतो, तिच्यातला आजचा साबुदाणा पुष्कळदा खुद्द आजीपेक्षा फारसा वडील नसतो.

ताटातील रताळ्याची आणि राजगिऱ्याचीही हीच गत आहे. आज पिकवला जाणारा राजगिरा मूळ अमेरिकेतला, असे वनस्पतिशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये. कोलंबस अमेरिकेला पोचला तो १४९२ साली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला आला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे जिंकले. या तारखा शेजारी ठेवल्या की आपल्या एकादशीच्या ताटात ज्ञानेश्वरांना ओळखीचे काय उरते? वरी, शिंगाडा, सुरण, केळी, दूध, दही, तूप. ताट रिकामे होत नाही, पण बरेच हलके होते.

ही माहिती आता पुष्कळांना असते. 'उपवासाचे सगळे पदार्थ परदेशी' हे वाक्य हल्ली गमतीने, क्वचित कुत्सितपणे फेकले जाते. पण तिथेच थांबलो तर हाती लागते ती केवळ गंमत. खरा प्रश्न पुढचा आहे. हे नवागत पदार्थ इतक्या सहजपणे व्रताच्या ताटात शिरले कसे? आणि शिरल्यावर त्यांचे नवेपण कोणी पुसले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्रतशास्त्राच्या रचनेत दडलेले असावे. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध या आठांनी व्रतभंग होत नाही, असे एक प्रसिद्ध वचन आहे. यात मूळ आणि फळ हे वर्ग आहेत, वस्तूंची नावे नव्हेत. वर्ग मोकळा असला की नव्या वस्तूला त्यात जागा मिळते. जमिनीखालून निघालेला बटाटा स्वयंपाकघराच्या दृष्टीने मूळच होता. वनस्पतिशास्त्र त्याला खोड म्हणते ही गोष्ट अलाहिदा. धान्य वर्ज्य होते, आणि बटाटा धान्य नव्हता. बाकीचे काम भुकेने केले. परकेपणा हा इथे निकष नव्हता हेही पाहण्यासारखे आहे. टोमॅटो आणि कोबीही बाहेरूनच आले, पण बहुतेक घरांत ते उपवासाला चालत नाहीत. कोथिंबीर तर जुनीच; तरी ती चालते की नाही यावर सासर आणि माहेर यांचे एकमत क्वचितच होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या, म्हणजे भाषा शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्या, प्रांतातले आहे. नवेपण पुसले ते शब्दांनी.

नव्या वस्तूला नाव देण्याच्या मराठीच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिली तऱ्हा सरळ उसनवारीची. बटाटा, अननस, काजू, कोबी हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. त्यांतले काजू आणि अननस तर ब्राझीलच्या तुपी लोकांच्या भाषेपर्यंत मागे नेता येतात. हे शब्द प्रामाणिक आहेत. आपण कुठून आलो हे ते लपवत नाहीत. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत 'बटाटा' मराठी शब्दांच्या रांगेत निवांत बसलेला आढळतो.

दुसरी तऱ्हा सादृश्याची. तिखट मिऱ्यासारखी म्हणून मिरची. भुईत होणारा मूग तो भुईमूग. टोमॅटोला जुन्या पिढीत 'बेलवांगे' म्हणत. ही नावे अर्धे खरे सांगतात. ओळखीच्या वस्तूचा हात धरून अनोळखी वस्तू घरात येते. पुढे घर तो हात विसरते. एरवी मूग उपवासाला चालत नाही, पण भुईमुगाचा दाणा मात्र खुशाल चालतो. नावातला मूग तोवर कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

या तऱ्हेतलेच एक अधिक चकवणारे उपांग म्हणजे जुने नाव नव्या वस्तूला देणे. संस्कृतातला 'रक्तालु' शब्द अमेरिकेच्या शोधापूर्वीचा आहे, म्हणजे तो एखाद्या निराळ्याच तांबूस कंदाचा वाचक असला पाहिजे. त्याच शब्दावरून आलेले 'रताळे' आज अमेरिकेतल्या कंदाला चिकटले आहे. आणखी मौज अशी, की 'बटाटा' हा शब्द मुळात कॅरिबियन बेटांवर रताळ्याचाच वाचक होता. युरोपीय भाषांत तो दुसऱ्या कंदावर सरकला आणि आपल्याकडे त्या दुसऱ्या कंदाबरोबरच रुजला. रताळ्याचे नाव बटाट्याने नेले आणि रताळ्याने तिसऱ्याच कंदाचे नाव घेतले! सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रज वकील टॉमस रो याच्याबरोबर असलेल्या एडवर्ड टेरी या धर्मगुरूने एका मेजवानीत 'पोटॅटो' वाढल्याचे लिहून ठेवले आहे. तो बटाटा होता की रताळे, यावर अभ्यासक अजून एकमत करू शकलेले नाहीत.

तिसरी तऱ्हा देवादिकांच्या नावांची, आणि मी फसलो तो इथेच. सीताफळ, रामफळ. पुढे त्याच कुळातल्या फळांना लक्ष्मणफळ आणि हनुमानफळ म्हणून रामायण पुरते केले गेले. या कुळाचे बहुतेक सर्व रानटी भाईबंद अमेरिकेत आढळतात, यावरून आल्फोन्स द कांदोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकाच्या आरंभी सीताफळाचे मूळ अमेरिकेत असल्याचा कौल दिला. उलट बाजूने अलेक्झांडर कनिंगहॅम याने १८७९ च्या भरहुत स्तूपावरील ग्रंथात तिथल्या शिल्पांत सीताफळ ओळखले होते. अलीकडे उत्खननांत त्याच्या प्राचीन बिया मिळाल्याचे दावेही झाले आहेत. वाद पूर्ण मिटलेला नाही, पण बहुसंख्य वनस्पतिशास्त्रज्ञ अमेरिकेच्याच बाजूने आहेत. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या वादात फळाचे नाव हा पुरावाच ठरत नाही. परक्याला देवाचे नाव देणे हा त्याला आपलेसे करण्याचा सर्वांत वेगवान मार्ग आहे. संस्कृत वळणाचे नाव वस्तूचे वय सांगत नाही. ते फक्त नाव ठेवणाऱ्याचे मन सांगते.

मग शब्दांची साक्ष अगदीच निरुपयोगी म्हणावी काय? तसे नाही. जपून घेतली तर ती फार मोलाची असते. 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात 'फिरंगरोग' येतो. फिरंग्यांच्या आगमनाशिवाय हा शब्द संभवत नाही, म्हणून ग्रंथ सोळाव्या शतकाच्या मागे नेता येत नाही. उलट अंगाने पाहू. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त (बारावे शतक) खाद्यपदार्थांचे रसभरित वर्णन आहे, पण तिथले तिखट मिऱ्याचे आहे. १५९० च्या सुमाराच्या 'ऐन-ए-अकबरी'त अननसाची किंमत दिली आहे, पण तिथल्या पाककृतींत मिरची दिसत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी असे शेकडो धागे जुळवून पदार्थांचा इतिहास कसा लिहावा याचा वस्तुपाठ घालून दिला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील 'भोजनकुतूहल' या ग्रंथाचा काळ त्यांनीच ठरवला. ग्रंथाच्या नावात 'कुतूहल' असावे हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला खरा धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणी. 'तिखट' हा शब्द घ्या. तो 'तीक्ष्ण'पासून आलेला, म्हणजे मुळात गुणवाचक. आज मराठी स्वयंपाकघरात तिखट म्हणजे लाल मिरचीची पूड. गुणाचे विशेषण एका नवागत वस्तूचे नाम होऊन बसले. त्यामुळे जुन्या ग्रंथात तिखटाचा उल्लेख आला की वाचकाच्या डोळ्यांसमोर नकळत लाल रंग येतो. गीतेतील राजस आहाराचे तिखट ज्ञानेश्वरांच्या श्रोत्यांनी मिऱ्याच्या, सुंठीच्या, मोहरीच्या अनुभवातून जाणले असेल. आपण ते मिरचीच्या अनुभवातून वाचतो. शब्द तोच, जीभ निराळी. अर्थाच्या असल्या सरकण्याला कोशात नेहमीच नोंद मिळते असे नाही.

इथे एक प्रसंग आठवतो. अकबराच्या अखेरच्या दिवसांत, १६०४-०५ च्या सुमारास, असद बेग हा सरदार विजापूरहून तंबाखू घेऊन दरबारी आला. राजवैद्यांनी आक्षेप घेतला, की या वस्तूविषयी ग्रंथांत काही लिहिलेले नाही. असद बेगाने उत्तर दिले ते असे, की जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती. तंबाखूच्या बाबतीत राजवैद्यांची शंका रास्त होती, हे आज आपण जाणतो. पण परंपरेच्या स्वरूपाविषयी असद बेग चुकला नव्हता. एकाने परीक्षेचा आग्रह धरला, दुसऱ्याने नवेपणाचे भय नाकारले. दोन्ही वृत्ती शाबूत असल्या म्हणजे समाजाचे कुतूहल निरोगी राहते.

म्हणून खिचडी परदेशी ठरली याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही आणि उपवास करणाऱ्याला हिणवण्याचेही नाही. बाहेरून आलेल्या कंदाला व्रतात बसवणारा आणि रानातल्या अनोळखी फळाला सीतेचे नाव देणारा समाज कोत्या मनाचा नव्हता. उणीव असेल तर ती आपली. आपण त्याने दिलेली नावे पाहून वस्तूचे वय ठरवू लागलो आणि त्याच्या उदारपणाला प्राचीनत्व समजून बसलो.

वार्षिकातला तो लेख आता मागे घेता येत नाही. त्यामुळे सतरावा अध्याय शिकवताना दरवर्षी ती चूक मी वर्गाला सांगतो, आणि मग विद्यार्थ्यांना विचारतो, "ज्ञानेश्वर एकादशीला काय खात असतील?" वर्ग अजूनही हसतो. मी मात्र पुढच्या ओवीकडे वळत नाही.