बदनाम झालेल्या कल्पनेचे पुनर्वसन

शरीराचे रक्षण करणारी यंत्रणा शरीरावरच का उलटत नाही? जर्मन वैज्ञानिक पॉल एर्लिश यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या आत्मघाताविषयीच्या शरीराच्या धास्तीला ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’ असे लॅटिन नाव दिले. नाव मिळाले, उत्तर मिळाले नाही.

अर्धे उत्तर पुढे सापडले. स्वकीयांवर उठणाऱ्या बहुतेक टी पेशी थायमस ग्रंथीतच नष्ट होतात. पण ज्या निसटतात, त्यांना कोण आवरते? १९६९ साली जपानमध्ये निशिझुका व साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या उंदरांची थायमस काढली, तेव्हा माद्यांचे बीजांडकोश खुरटले. सैन्याची छावणीच हलवली, तरी घात घरातच झाला! १९७० मध्ये येल विद्यापीठातील रिचर्ड गर्शन यांनी ‘दमनकारी’ टी पेशींची कल्पना मांडली. तिच्याभोवती दशकभर संशोधनाचा डोलारा उभा राहिला. मात्र या पेशींची खूण ज्या जनुकाशी जोडली होती, ते जनुक सांगितलेल्या जागी नाहीच, असे १९८० नंतर आढळले. डोलारा कोसळला आणि त्याखाली मूळ कल्पनाही गाडली गेली.

शिमोन साकागुची यांनी ती सोडली नाही. निरोगी उंदरांच्या टी पेशी टोचल्यास थायमस काढलेले उंदीर वाचतात, हे त्यांनी पाहिले होते. १९९५ मध्ये त्यांनी या रक्षक पेशींची ‘सीडी २५’ ही खूण दाखवली. २००१ मध्ये मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘स्कर्फी’ नावाच्या रोगट उंदरांत ‘फॉक्सपी ३’ हे जनुक बिघडलेले असल्याचे शोधले. त्याच जनुकाचा दोष लहान मुलांतील ‘आयपेक्स’ या भीषण स्वयंप्रतिकार विकारामागेही निघाला. हेच जनुक या पेशींना घडवते, हे २००३ मध्ये सिद्ध झाले. या पेशी इतर टी पेशींना पोसणारे ‘इंटरल्यूकिन २’ शोषून घेतात आणि त्यांना चेतवणारे संकेत मंदावतात. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल या तिघांना विभागून मिळाले.

भाषेच्या अभ्यासकांना यातील एक तपशील विशेष वाटावा. पेशी परतल्या त्या ‘दमनकारी’ म्हणून नव्हे, ‘नियामक’ म्हणून. जुना शब्द इतका विटाळला होता की सत्याला नव्या नावाने यावे लागले. पुरावा खोटा ठरला म्हणजे विधानही खोटे ठरले, असे मानण्याची घाई विज्ञानात होते, तशी आमच्या समीक्षेतही होते. प्रयोगशाळेत निदान उंदीर तरी साक्षीला येतात. साहित्यात एकदा मोडीत काढलेल्या विचाराच्या बाजूने साक्ष द्यायला कोण येणार, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो.