अक्कलकोट परिसरातील मातीचे लहान बांध : मालकी, निगा आणि सुरक्षितता

प्रस्तावना :

सोलापूर जिल्ह्याच्या आग्नेय टोकास वसलेला अक्कलकोट तालुका श्री स्वामी समर्थांच्या वास्तव्यामुळे सर्वदूर परिचित आहे. पाण्याच्या इतिहासाच्या अंगाने मात्र या भूभागाचा विचार अभावानेच होतो. बोरी, हरणा आणि भीमा या नद्यांच्या खोऱ्यात मातीचे बांध घालून पाणी अडविण्याची परंपरा जुनी आहे. त्यांपैकी मोठ्या तलावांचे वर्णन गॅझेटियरमध्ये सापडते. संस्थानिक, इनामदार व अलीकडच्या काळात खासगी जमीनधारक यांनी शोभा, विहार व विरंगुळा यांसाठी बांधलेल्या लहान तलावांची नोंद तुटपुंजी आहे. अशा बांधांच्या सुरक्षिततेचा प्रश्न बांधकामाइतकाच मालकीचाही आहे, हे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

संस्थानकालीन पार्श्वभूमी :

छत्रपती शाहू महाराजांनी पुत्रवत सांभाळलेल्या फत्तेसिंह भोसले यांच्यापासून अक्कलकोटच्या राजघराण्याचा आरंभ होतो. १९०१ च्या जनगणनेनुसार संस्थानचे क्षेत्रफळ ४९८ चौरस मैल आणि लोकसंख्या ८२,०४७ होती. पर्जन्यमान बेभरवशाचे असलेल्या या मुलखात राजवाड्याजवळचे पाणी ही गरज होती आणि वैभवाचे चिन्हही. शहरातील हत्ती तलावाचे नाव संस्थानी थाटाची आठवण आजही जागी ठेवते. बोरीच्याच काठी, वरच्या अंगाला, नळदुर्गच्या किल्ल्यात आदिलशाहीने सतराव्या शतकाच्या आरंभी दगडी बांधाच्या पोटात पाणीमहाल उभारला. पाण्याचे रक्षण आणि राजविलास एकाच वास्तूत साधण्याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. परंतु तो बांध दगडी होता, आणि किल्ल्याच्या संरक्षणाशी निगडित असल्याने त्याची निगा राखणे राज्यकर्त्यांना भागच होते. मातीच्या बांधाचे तसे नसते.

सोलापूरजवळचा एकरुख तलाव, म्हणजेच लोकांच्या तोंडचा हिप्परगा तलाव, १८७१ साली पूर्ण झाला. सुमारे २१ मीटर उंचीचा व दोन किलोमीटरहून अधिक लांबीचा हा मातीचा बांध दीड शतक टिकून आहे. या दीर्घायुष्यामागे केवळ अभियंत्यांचे कौशल्य नाही. तलावाखाली कालवे होते, कालव्यांवर पाणीपट्टी होती आणि पुढे सोलापूर शहराचा पाणीपुरवठाही त्यावर अवलंबून राहिला. उत्पन्न देणाऱ्या तलावाला वाली असतो. विहारासाठीच्या तलावाला लाभक्षेत्र नसते, वसुली नसते. त्यामुळे दुरुस्तीचा खर्च सर्वस्वी मालकाच्या ऐपतीवर आणि हौसेवर अवलंबून राहतो.

८ मार्च १९४८ रोजी दख्खनच्या संस्थानांचे विलीनीकरण झाले. संस्थानिकांच्या खासगी मालमत्तांच्या याद्या ठरल्या व उर्वरित मालमत्ता शासनाकडे गेली. पुढे १९७१ मध्ये तनखेही बंद झाले. असे हस्तांतर होताना पाण्यावरचा हक्क, तळाची जमीन आणि बांधाची देखभाल या तीन गोष्टी एकाच हाती राहतीलच असे नसते. हक्क सांगणारे अनेक आणि बांधावर पावसाळ्याआधी फेरी मारणारा कोणीच नाही, अशी अवस्था त्यातून निर्माण होते.

बांध कसा खचतो :

या परिसरातील काळी माती पाणी झिरपू देत नाही, म्हणून बांधाच्या गाभ्यात ती वापरतात आणि बाहेरून मुरमाचे आवरण देतात. परंतु हीच माती उन्हाळ्यात आक्रसते व तिला भेगा पडतात. तलाव कोरडा राहिलेल्या वर्षानंतर अचानक भरला, की त्या भेगांतून पाणी वाट काढते. उंदीर, घुशी, खेकडे यांची बिळे या वाटेला हातभार लावतात. बांधावर माजलेली वेडी बाभूळ वरवर माती धरून ठेवते असे वाटते. पण तिची मुळे कुजली की पोकळ नळ्या तयार होतात. पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ असेल तर तो साधा पाझर असतो. ते गढूळ येऊ लागले, तर बांधातील माती वाहून जात आहे असे समजावे. जुन्या पाटकऱ्यांना ही खूण पुस्तकांविना ठाऊक होती.

सांडवा हा दुसरा कच्चा दुवा होय. विहाराच्या तलावात पाणी काठोकाठ दिसावे या हौसेपोटी सांडव्यावर माती किंवा दगड रचून पातळी वाढविण्याचा मोह होतो. पाणी एकदा मातीच्या माथ्यावरून वाहू लागले की बांध तासाभरातही फुटू शकतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा अपूर्ण मातीच्या बांधातील विमोचकाचे बांधकाम दोषास्पद ठरले. २ जुलै २०१९ रोजी चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील लहान मातीचे धरण रात्री फुटले व वस्ती वाहून गेली. गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. तिवऱ्याचे धरण शासकीय होते, तिथे तक्रार करावयास निदान एक कार्यालय होते. खासगी बांधाच्या खाली राहणाऱ्याने कोणाकडे जावे?

कायदा आणि त्याबाहेरचे बांध :

धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीची धरणे लांबी, साठा आदी विशिष्ट अटी पूर्ण करीत असतील तरच त्याच्या कक्षेत येतात. मालक या संज्ञेत खासगी व्यक्ती व कंपन्याही समाविष्ट आहेत, ही जमेची बाजू. तथापि पाच-सात मीटरचा बांध, मग तो संस्थानकालीन असो की कृषी पर्यटनासाठी नव्याने घातलेला, या कायद्याच्या बाहेरच राहतो. उंचीवरून धोका मोजण्याची ही पद्धत अपुरी वाटते, कारण ओढ्याकाठच्या घराला उंचीपेक्षा अंतर अधिक महत्त्वाचे असते.

ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टीने बोरी व हरणा नद्यांना महापूर आला. कुरनूर धरणातून पाणी सोडावे लागले. सांगवी, बोरी उमरगे या गावांची मोठी हानी झाली. कुरनूरसारख्या धरणावर दारे असतात, नोंदवही असते, कर्मचारी असतात. त्याच पावसात ओढ्यांवरच्या लहान मातीच्या बांधांवरून किती पाणी गेले आणि त्यांतील कोणते कमकुवत झाले, हे तपासण्याचे काम मात्र कायद्याने कोणावरही सोपविलेले नाही. तालुक्यातील असे प्रत्येक तलाव गटक्रमांक, मालक, सांडव्याची स्थिती आणि खालच्या अंगाची वस्ती यांसह नोंदविणे महाविद्यालयीन इतिहास व भूगोल विभागांना एका उन्हाळ्यात शक्य आहे. पाणी आटलेले असताना बांधाच्या भेगाही तेव्हाच स्पष्ट दिसतात.